थुंकणाऱ्याला सॉरी

आयर्लंडमध्ये माणसं ऊठसूट सॉरी म्हणतात. तुम्ही त्यांच्या पायावर पाय दिलात तरी सॉरी तेच म्हणणार. दुकानात दुधाची बाटली घ्यायला हात पुढे केला की सॉरी, बोललेलं ऐकू आलं नाही की सॉरी, बसच्या ड्रायव्हरला काही विचारायचं तर आधी सॉरी. त्यावर समोरचा म्हणतो, "यू आर ग्रँड." ग्रँड म्हणजे भव्यदिव्य वगैरे काही नाही, नुसतं 'असू दे, काही झालं नाही'. सुरुवातीला मला या सगळ्याचं हसू यायचं. आमच्या घरात सॉरी म्हणायची पद्धतच नव्हती. वडील चुकले की संध्याकाळी कलिंगड घेऊन यायचे. आई चुकली की काही घडलंच नाही असा चेहरा करून पानात जास्तीचं तूप वाढायची. आणि 'माफ करा' तर आम्ही फक्त दारात आलेल्या भिकाऱ्याला म्हणायचो, तेही दार लावून घेताना.

पण दोनेक वर्षांत मलाही ती सवय लागली. एकदा घरात टेबलाला धडकले आणि चक्क टेबलाला सॉरी म्हणाले. नवरा दिवसभर हसत होता. पुढे याच सवयीनं मला असं काही तोंडघशी पाडलं की आजही आठवलं तर कान गरम होतात.

आम्ही तेव्हा सँट्रीत राहायचो, डब्लिनच्या उत्तरेला, विमानतळाच्या जवळ. नवऱ्याचं ऑफिस ग्रँड कॅनाल डॉकला, माझं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम घरापासून बसनं थोड्याच अंतरावर. मुलगी सहा वर्षांची. आली तेव्हा पुण्याचं बोबडं मराठी बोलत होती, पण शाळेत गेली आणि बघता बघता पक्की डब्लिनची झाली. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही तिथल्या हेलात. घरात मी 'आई' आणि उंबऱ्याबाहेर 'मॅमी'. शाळेच्या दारात मी मराठीत हाक मारली की ती आधी इकडेतिकडे बघायची, कुणी ऐकलं का म्हणून.

तिथली भाषा मला तीच शिकवायची. एकदा शेजारीण मला म्हणाली, "युअर मॅननं तुमचा कचऱ्याचा डबा पाडला बघ." मी तणतणत घरात आले आणि नवऱ्याला चांगलं झापलं. तो बिचारा अंघोळीला निघालेला, टॉवेल खांद्यावर, काय झालं तेच त्याला कळेना. लेक पोट धरून हसली. युअर मॅन म्हणजे माझा नवरा नव्हे, नुसतं 'तो माणूस'. कुठलाही माणूस. शेजारणीला म्हणायचं होतं, कचरा न्यायला येणारा. त्या दिवशी आम्ही तिघंही खूप हसलो होतो.

मग मंदी आली. २०१० उजाडेपर्यंत नवऱ्याच्या ऑफिसातली निम्मी ओळखीची माणसं कुठे ना कुठे निघून गेली होती. आमच्यासारख्यांना तिथे 'नॉन-नॅशनल' म्हणत. हा शब्द आधीही होता, पण तो उच्चारताना लोकांचे ओठ आता जरा वेगळे व्हायला लागले.

त्या दुपारी लेकीला शाळेतून घेऊन मी बसस्टॉपवर उभी होते. एक माणूस आला. टारगट पोरगा नव्हे, दारुडाही नव्हे. पन्नाशीचा, चांगला कोट घातलेला, हातात भाजीची पिशवी. त्याला जागा द्यावी म्हणून मी लेकीला जवळ ओढलं. त्यानं माझ्याकडे नीट बघितलं, "गो बॅक टू ब्राझील" म्हणाला आणि थुंकला. गालावर आणि कॉलरवर. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "सॉरी."

मोठ्यानं, स्पष्ट, अगदी आयरिश हेलात. तो निघून गेला. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? अरे, पण मी ब्राझीलची नाहीये! जणू पत्ता चुकला एवढीच काय ती त्याची चूक. मी रुमालानं गाल पुसला. खाली लेक टकामका माझ्याकडे बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो माणूस थुंकल्याचं मी नवऱ्याला सांगितलं, सॉरीचं नाही. तो भडकला. आत्ताच्या आत्ता गार्डांकडे, म्हणजे पोलिसांकडे, चल म्हणाला. मी ठाम नाही म्हटलं. पोलीस विचारणार, मग बाई, तुम्ही काय म्हणालात? नवऱ्याला वाटलं मी घाबरले. वाटू दे म्हटलं.

त्यानंतर मी त्या स्टॉपवर उभी राहीना. पावसापाण्यात चालत ऑफिसला जायला लागले. कोट घातलेला माणूस समोरून आला की छातीत धडधड. रात्री डोळ्याला डोळा नाही. लेकीवर उगाच खेकसायचे आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडायचे. नवऱ्याला म्हणाले, आपण पुण्याला परत जाऊ. तो म्हणाला, तुला हेच हवं असेल तर जाऊ, पण आधी कुणाला तरी दाखव. खरं सांगायचं तर पुण्याला जाऊन काहीही होणार नव्हतं. मला नजर चुकवायची होती ती माझ्याच पोरीची, आणि ती तर पुण्यालाही बरोबर येणारच होती. आपली आई तोंडावर थुंकी झेलते आणि वर सॉरी म्हणते, हे बघितलेली मुलगी मोठी होऊन माझ्याकडे कशी बघेल, या एका विचारानं मी पोखरून निघाले होते.

आणि ती बदललीही होती. बाहेर निघालो की माझा हात घट्ट धरायची. एकदा दुकानात मी काउंटरवरच्या माणसाशी बोलत होते, तर तिनं माझी बाही ओढली आणि कुजबुजली, "बी नाइस, मॅमी." मला वाटलं, झालं, पोरीला माझी लाज वाटायला लागली.

आधी गेले आमच्या डॉक्टरकडे. सांगायचं होतं, जीव घाबरा होतो. त्याचं इंग्रजी कसं करणार? मी छातीवर हात ठेवला, तर त्यानं इसीजी काढला. "यू आर ग्रँड," म्हणाला. मग ऑफिसनं एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. आयरिश, गोड, कॉफी वगैरे विचारलं. लग्न कसं झालं? मी सांगितलं, ठरवून. अगंबाई! बाईंचा चेहरा असा खुलला की जसा काही चोर सापडला. पुढचा सगळा वेळ मी माझ्या नवऱ्याची बाजू मांडत बसले. थुंकीचा विषय निघाला तेव्हा त्या म्हणाल्या, इथली माणसं खरं तर फार प्रेमळ आहेत हो, त्या गृहस्थांचा दिवस वाईट गेला असेल. आणि मी काय म्हणाले असेन? सॉरी म्हणाले. घरी येताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

मग कुणीतरी शहरातल्या एका केंद्राचं नाव सुचवलं, बाहेरून आलेल्या लोकांसाठी मोफत चालणारं. तो 'मोफत'च माझ्या मनाला लागला. मोफत म्हणजे गरजूंसाठी. मी काय गरजू आहे? इंजिनिअर आहे मी! तरी गेले. दार उघडलं ते एका सावळ्या, कुरळ्या केसांच्या बाईनं. माझ्याच वयाची असेल. मी विचारलं, मॅडम आहेत का? ती म्हणाली, मीच. मी विचारलं, कुठल्या तुम्ही? ब्राझीलची.

मला वाटलं, धरणी दुभंगावी. आता हिला कसं सांगू की त्यानं मला काय म्हटलं, आणि त्यावर मला काय वाटलं?

अर्धा वेळ मी झोपेबद्दल बोलले. ती ऐकत होती. लग्न कसं झालं ते तिनं विचारलं नाही. मध्येच मी बाथरूम कुठे आहे विचारलं, तर ड्रॉवरमध्ये शोधत ती स्वतःशीच पुटपुटली, "शावी, शावी..." आणि किल्ली काढून दिली. मी म्हटलं, आम्ही पण चावी म्हणतो. ती म्हणाली, खरंच? मग पोर्तुगीज आमच्याकडे काय काय ठेवून गेले ते मी तिला सांगितलं, चावी, बटाटा, पगार. ती खळखळून हसली. त्या हसण्यात माझी भीड चेपली आणि मी स्टॉपवरचं सगळं सांगून टाकलं, ब्राझीलसकट.

"म्हणजे ती थुंकी माझ्या नावाची होती," ती म्हणाली. मी खाली मान घातली. ती म्हणाली, "अगं, मला परवाच एकानं इंडियाला परत जा म्हणून सुनावलं. आणि मी काय केलं असेल? त्याला माझ्या देशाचं नाव सांगितलं. फार तावातावानं सांगितलं." मग म्हणाली, "माझ्या गावात मी फक्त दातांच्या डॉक्टरची मुलगी होते. मी लॅटिना, म्हणजे दक्षिण अमेरिकेकडची बाई, आहे हे मला डब्लिनच्या विमानतळावर कळलं. इथे लोक माझ्याशी स्पॅनिश बोलतात, आणि मला स्पॅनिश येत नाही."

मग तिनं एक प्रश्न विचारला, जो तोवर कुणीच विचारला नव्हता. "हे होताना कुणी बघितलं?"

 मी म्हटलं, माझ्या मुलीनं. आणि मग तो शब्द सांगितला, सॉरी. ती हसली नाही, का म्हणालीस असंही विचारलं नाही. म्हणाली, "तुझ्या भाषेत बोलायचं असतं तर काय म्हणाली असतीस? मला सांग. मला कुठे कळणार आहे?"

मी पुण्याच्या शिकल्यासवरल्या घरातली. शिव्या आमच्याकडे फक्त सोलापूरच्या आत्याला यायच्या, आणि ती तोंड उघडायला लागली की आई आम्हाला आत पाठवायची. पण दाराआडून सगळं ऐकू यायचंच की. मी एकदा दाराकडे बघितलं आणि सुरू झाले. "मेल्या, मुडदा बशिवला तुझा! जीभ झडो तुझी! वाटोळं होईल भाड्या तुझं, माझ्या लेकरासमोर थुंकतोस? कोट घालून फिरतोस रे, जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" हात नाचवून, अगदी आत्यासारखं. थांबले तेव्हा घसा कोरडा पडला होता. तिनं फक्त टाळ्या वाजवायच्या बाकी होत्या. मग तिनंही तिच्या भाषेत तिच्या त्या माणसाला सुनावलं. मला एक शब्द कळला नाही, पण सूर आत्याचाच होता.

बाहेर पडताना ती म्हणाली, "मुलीला विचारलंस का, तिनं काय बघितलं ते?"

"विसरली असेल ती," मी म्हटलं.

"विचार," ती म्हणाली.

विचारायला मला कितीतरी आठवडे लागले.  शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर लेकीचा हात धरून मी त्याच स्टॉपवर गेले. दोन बायका आणि एक म्हातारा बसची वाट बघत होते. मी हळूच विचारलं, "बाळा, इथे एकदा एक माणूस आला होता, आठवतं तुला?"

तिनं मान डोलावली, माझ्याकडे न बघता. मग म्हणाली, "मॅमी, व्हॉट डिड यू डू टू युअर मॅन?"

मला कळेना. तू त्या माणसाला काय केलं होतंस? "मी? मी काय केलं?"

"यू सेड सॉरी," ती म्हणाली.

आत्ता मला उमगलं. इतके महिने ही पोर असं धरून चालली होती की माझ्या आईनं त्या माणसाचं काहीतरी वाईट केलं, म्हणून तो थुंकला, आणि म्हणून आईनं सॉरी म्हटलं. सॉरी कधी म्हणतात, तर काही वाईट केलं की. शाळेत तिला हेच शिकवलेलं. म्हणून हात घट्ट धरणं. म्हणून 'बी नाइस, मॅमी'. मी दुबळी म्हणून तिला माझी लाज वाटत असेल, असं समजून मी रात्री काढल्या, आणि ती मला गुन्हेगार समजत होती. तरीही हात धरून चालत होती.

मी स्टॉपच्या बाकावर बसले, तिचा चेहरा समोर येईल अशी. "मी काही केलं नव्हतं, बाळा. काहीच नाही. जे केलं ते त्यानं केलं."

"देन व्हाय डिड यू से सॉरी?"

सवय म्हणू? भीती म्हणू? एवढ्याशा पोरीला काय सांगणार? तिच्या डोळ्यांकडे बघवेना आणि नजर हटवायची पण सोय नव्हती. "चुकलं गं माझं," मी म्हणाले. आमच्या घरात कुणी कुणाला असं म्हटल्याचं मला तरी आठवत नाही.

तिनं त्या दोन बायकांकडे बघितलं, म्हाताऱ्याकडे बघितलं. मग माझ्या खांद्यावर दोनदा थोपटलं, तिथली मोठी माणसं थोपटतात तसं.

"यू आर ग्रँड, आई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.