एक खडा, एकेचाळीस दाढ्या

वटवट्याच्या दुकानात दाढी करायला बसलं की कानांचीही हजामत व्हायची. गालाला साबण लागलेला माणूस हूं की चूं करू शकत नाही, हे दवाखान्यातल्या सिस्टरनं बरोबर हेरलं. रक्तातून पसरणाऱ्या हिपॅटायटिसची तपासणी लोक टाळत होते. तिनं एक पोस्टर त्याच्या आरशाशेजारी चिकटवलं आणि म्हणाली, "दादा, तुम्ही नुसतं बोला."

नुसतं बोला म्हणे! माशाला पोहायची विनंती.

दुसऱ्या दिवसापासून वटवट्या नवं ब्लेड गिऱ्हाइकाच्या नाकासमोर उघडू लागला. "बघा, कोरं करकरीत! एकाचं ब्लेड दुसऱ्याला लागलं की रोग आत शिरलाच. वर्षानुवर्षं कळत नाही, लिव्हर मात्र आतून पोखरलं जातं. चार थेंब रक्त द्यायला काय जातंय तुमचं?" स्वतः मात्र त्यानं सुईच्या भीतीनं तपासणी केली नव्हती. हे फक्त त्याच्या बायकोला ठाऊक होतं, आणि ती संधीची वाट बघत होती.

एका सकाळी सिस्टर आपल्या वडिलांना न्यायला दुकानात आली. म्हाताऱ्याची अर्धी दाढी झाली होती, वटवट्या रंगात आला होता आणि बोलण्याच्या भरात हनुवटीला ब्लेड लागलं. "काही नाही, काही नाही," म्हणत त्यानं सवयीनं फळीवरचा तुरटीचा खडा उचलला. सिस्टरनं त्याचा हात वरच्या वर धरला.

"दादा, हा खडा कुणाकुणाला लावता?"

"सगळ्यांना! मोठा आहे, वर्षभर पुरतो."

बोलून गेला आणि त्याच्याच तोंडचं पाणी पळालं. ब्लेड दरवेळी नवं, खडा मात्र तोच. या गालाचं रक्त त्या गालाला. स्वतःचं बोट कापलं तरी तोच खडा. आपल्या हातून कुणाला रोग लागला असला तर? ही सगळी माणसं तर त्याच्यापुढे डोळे मिटून मान वर करायची. त्याला रडूच आलं.

मग तो पळत सुटला. बेकरीवाल्याला पिठानं माखलेल्या हातांनिशी ओढलं, शिंप्याला गळ्यातल्या टेपसकट. दोन दिवसांत चाळीस जण दवाखान्यात हजर. बायकोनं नवऱ्याला पुढे ढकललं. "पहिला नंबर यांचा!" वटवट्या खुर्चीवर आडवा झाला आणि शुद्धीवर येऊन म्हणाला, "झालं?"

"अजून सुई उघडलीही नाही," सिस्टर म्हणाली.

आठवड्यानं निकाल आले. "एकेचाळीस जणांत एकाला आहे," सिस्टरनं सांगितलं. "हिपॅटायटिस सी."

वटवट्यानं टेबल घट्ट धरलं. "कुणाला?"

"तुम्हाला, दादा."

"फक्त मला? नक्की? पुन्हा बघा!" तिनं पुन्हा बघितलं. आणि हा बाबा नाचायलाच लागला! शिपायाला मिठी, वजनकाट्याला मिठी. "अहो, मलाच आहे! फक्त मलाच!" सिस्टरनं बरेच निकाल सांगितले होते, पण असा आनंद पहिल्यांदाच पाहत होती. "तीन महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही," तिनं दटावलं. "बहुतेक सगळे बरे होतात. नवी लागण लगेच दिसत नाही, म्हणून बाकीच्यांना काही महिन्यांनी पुन्हा बोलवेन."

"सहा महिने घेतो गोळ्या!"

बायको हसता हसता रडली. "चाळीस जणांसाठी पळालात. आता माझ्या नवऱ्यासाठी एवढं करा."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना मात्र त्याला वाटलं, आता कोण येणार? दारात सिस्टरचे वडील उभे होते, त्या दिवसापासून जपलेली अर्धी दाढी घेऊन. मागे बेकरीवाला, शिंपी आणि भलीमोठी रांग. म्हाताऱ्यानं खुर्चीत बसून खिशातून चिमुकली डबी काढली. आत त्याचा स्वतःचा तुरटीचा खडा. मागच्यांनीही आपापल्या डब्या उंच करून दाखवल्या.

वटवट्यानं साबण लावला, कोरं ब्लेड उघडलं. बोलायला तोंडही उघडलं, पण शब्दच फुटेना.

"अरे, बोल की काहीतरी!" साबणाच्या फेसातून म्हातारा ओरडला. "तू गप्प बसलास की मला वस्तऱ्याची भीती वाटते!"