मुदतीचं माहेर

आमच्याकडे पोटुशी बाईबद्दल कुणी वावगं बोलत नाही. कशी आहे म्हणून विचारलं, की "बरी आहे बाप्पा, मजेत आहे" एवढंच म्हणायचं. पाय सुजलेत, चक्कर येते, हे घरातल्या घरात. या रीतीचा मला फार उपयोग झाला. कितीतरी वर्षं मी तिच्याआड लपून बसले होते.

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. अकोल्याला जुन्या शहरात आमचं घर होतं आणि गल्लीच्या पल्याड, अगदी समोर, चाचीचं. चाची विधवा. बाळंतिणीला तेल लावणं आणि पोरांना न्हाऊ घालणं हे तिचं काम. हिंदू असो की मुसलमान, गल्लीतलं प्रत्येक पोर तिच्या लांब केलेल्या पायांवर न्हालेलं. मीसुद्धा. तिची एकुलती एक मुलगी माझ्याच वयाची. मराठी शाळेत आम्ही एकाच टाटपट्टीवर बसलो. मग तिला आतेभावाला दिली. त्या लोकांचं घरदार फाळणीनंतर कराचीला गेलं होतं, तो तिकडेच नोकरीला होता. तो आला, निकाह केला आणि तिला घेऊन गेला.

पाच वर्षांनी तिला पहिल्यांदा दिवस राहिले आणि ती माहेरी आली. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, यात सांगण्यासारखं काय आहे? पण ती आली ती परक्या देशाच्या पासपोर्टावर. व्हिसा मिळायलाच चार-पाच महिने गेले, आणि मिळाला तोही तीन महिन्यांचा. म्हणजे आठव्यात परत जा. शिवाय दर आठवड्याला पोलिसात हजेरी. लग्न करून तिकडे गेली, तिकडचा पासपोर्ट घेतला, आता कायद्याने ती इथली नाही, असं तिथल्या कारकुनानं चाचीला समजावून सांगितलं. चाचीला ते पटेचना.

"माह्या पोटची पोट्टी माह्याच घरात पाहुनी?" ती माझ्या आईला म्हणायची. "आन् तेबी शिक्का मारून? अव माय, माहेराले कोनी मुदत घालते काय?"

सातवा लागला आणि तिचे पाय सुजले. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब वाढलाय, पडून राहा, प्रवास बिलकुल करायचा नाही असं लिहून दिलं. तो कागद जोडून मुदत वाढवून मागायचा असं ठरलं. अर्ज मी लिहिला. मी तेव्हा नगरपालिकेच्या शाळेत मास्तरीण होते, अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला भारी ताठा. "सदर स्त्रीस उठणे-बसणेही अशक्य झाले असून" वगैरे झोकात लिहिलं. ती खाटेवर पडून ऐकत होती.

"शेजाऱ्यायले विचारायले शिपाई येनार हाय म्हनते," ती म्हणाली. "तुले विचारलं त हेच सांगजो वं. तू मास्तरीण, तुयं ऐकतीन."

"सांगीन की," मी म्हटलं. "त्यात काय एवढं!"

शिपाई रविवारी आला. मी ओसरीत वह्या तपासत होते. बसायला दिलं, पाणी दिलं. तो सावकाश पाणी प्यायला आणि त्यानं आधी भलतंच काढलं.

"सरकारी शाळेत लागून राहिल्या म्हनते तुमी, बाई? तुमचे बी कागद आमच्याच सायबाकडं हायेत. चालचलणुकीचा रिपोर्ट मीच नेनार."

सरकारी शाळेसाठी मी अर्ज केलेला होता. मी म्हटलं, हो का.

"त्या पाकिस्तानी बाईकडं तुमचं येनंजानं लय हाय, असं समजलं."

लहानपणापासून त्या घरात जेवलेली मी. आणि मी म्हटलं, "येणंजाणं असं काही नाही. समोरच राहतात, म्हणून बोलणं होतं."

मग त्यानं विचारलं, "खरंच उठवत नाही काय तिले?"

"छे हो, बरी आहे की. परवाच आमच्या अंगणात सरगुंडे वळायला आली होती."

आली होती, हे खोटं नव्हतं. पडून पडून जीव कंटाळला म्हणून आईनं हाताला धरून आणली, भिंतीला टेकवून बसवली, कणकेची शेवई गुंडाळायला हातात एक काडी दिली. दोन-चार सरगुंडे वळले आणि घेरी आली तशी परत नेली. हे पुढचं मी सांगितलं नाही.

"म्हंजे चालतीफिरती हाय म्हना."

"हो," मी म्हटलं.

त्यानं दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्यापुढे केला. मी सही केली, खाली "सहायक शिक्षिका" असंही लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं.

पोटुशीबद्दल वाईट बोलायचं नाही म्हणून तोंडातून तसं गेलं, हे मी त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत स्वतःला पटवलं. थापा! मला नोकरी हवी होती आणि शिपायाची भीती वाटली, एवढंच. कुठं तुरुंगात टाकणार होते मला? फार तर सरकारी शाळा हुकली असती, नगरपालिकेची होतीच.

अर्ज नामंजूर झाला. आठ दिवसांत देश सोडा असा हुकूम आला. चाचीनं जुनी मऊ लुगडी शिवून नातवंडासाठी दुपटी करून ठेवली होती, ती लेकीच्या ट्रंकेत भरली. मुंबईपर्यंत गाडी, पुढे आगबोट. एक चुलतभाऊ बंदरापर्यंत सोबत जाणार होता. टांगा आला. तिला दोघींनी धरून चढवलं, त्यातली एक मी. तिनं माझा हात सोडला नाही.

"तू अर्ज लय चांगला लिहिला होता वं," ती म्हणाली. "त्याईनंच वाचला नाई."

टांगा गेल्यावर मी घरात येऊन रडले, आणि आई म्हणाली, किती जीव ग तुझा तिच्यावर!

दीड महिन्यानं पत्र आलं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. वाचून मी इतकी सुटल्यासारखी झाले की चाचीच्या गळ्यातच पडले. चाची हसली नाही. "माह्या हातानं नाई न्हाली," एवढंच म्हणाली.

मला सरकारी शाळा मिळाली. पुढच्या वर्षी लग्न होऊन मी अमरावतीला गेले आणि त्याच्या पुढच्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आले. मला कोण मुदत घालणार? मुलगी झाली. चाची रोज सकाळी यायची. आधी मला तेल लावायची, मग न्हाणीत पाय पसरून बसायची आणि पोरीला पायांवर घ्यायची.

चौदाव्या-पंधराव्या दिवशी पोरीच्या पाठीवर पाणी ओतता ओतता ती म्हणाली, "ते शेजारीन, तिनंच शिपायाले सांगलं. मले पक्कं मालूम हाय. दोन वर्षं झाली, तिचं तोंड नाई पाहलं मी."

शेजारीण म्हणजे तिच्या भिंतीला भिंत लागून राहणारी. आयुष्यभराची तिची मैत्रीण. त्या बिचारीला शिपायानं विचारलंही नव्हतं.

मी दारात उभी होते. म्हटलं, "चाची, तिनं नाही. मी सांगितलं. चालतीफिरती आहे म्हणून सही करून दिली."

तिचा हात थांबला. लोटा तसाच वर धरलेला. मला वाटलं आता शिव्या देईल. द्याव्यात असं फार वाटत होतं. तिनं पाण्यात कोपर बुडवून ऊन किती आहे ते पाहिलं, पोरीच्या कपाळाला आडवा हात धरला आणि डोळ्यांत जाणार नाही असं पाणी सोडलं. मग पुसली, धुरी दिली, काजळ घातलं, गुंडाळून माझ्या हातात दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

घरी जाताना ती शेजारणीच्या पायरीवर जाऊन बसली, ते मला खिडकीतून दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पोरीला आईच न्हाऊ घालू लागली, तिच्या हातात पोर रडरड रडायची. सव्वा महिना झाल्यावर रिवाजाप्रमाणे आईनं चाचीला लुगडं पाठवलं. घडी न मोडता ते परत आलं.

आई ते मांडीवर घेऊन बसून राहिली. "काहून वं परत केलं असंन तिनं? आपलं काही चुकलं काय?"

मी पाळण्याला झोका देत म्हटलं, "मले काय मालूम."