पेवातला दाणा

पळसदेवच्या राजेश्वरीला इंग्रजी कादंबऱ्यांचा भारी नाद. पेरूची क्रेटं भरून टेम्पो रवाना झाला की ती ओट्यावर पुस्तक उघडून बसायची. पुस्तकं इंदापूरच्या रद्दीवाल्याकडची, पहिली पानं गळालेली. शेजारणी म्हणायच्या, "एवढं इंग्रजी येतंय तर ही पेरू कशाला भरती?" यायचं अर्धंमुर्धंच, पण हट्ट दांडगा.

लांबलचक वाक्य अडलं की आधी क्रियापद शोधायचं, मग ते कोण करतंय ते, आणि शेवटी ते चिल्लर शब्द: आत, वर, पलीकडं, मागं. खरा घोळ तेच घालतात. म्हणून ती रांगोळीनं फरशीवर गोष्टीतलं घर काढायची आणि दर पात्राला ज्वारीचा एक दाणा द्यायची. वाक्य सांगेल तसा दाणा सरकवायचा. दाणा जागेवर बसला की वाक्य उलगडलंच.

त्या दुपारची गोष्ट कुठल्याशा थंड देशातली होती. जुनं घर, मागच्या दाराशी विहीर, गोठ्यापलीकडे तळघराचं तोंड आणि आत लपलेली एक मुलगी. राजेश्वरीनं एकेक वाक्य सोडवत घर पुरं केलं, मुलीचा दाणा तळघरात ठेवला. एवढ्यात तिची सासू द्वारकाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि जागीच थबकली.

"ह्ये आमचं जुनं घर हाय. धरणात गेलेलं. तुला कुनी सांगितलं?"

"पुस्तकातलं हाय, आत्या. परदेशातलं."

"मग गोठ्यापल्याड आमचं पेव कसं?"

राजेश्वरीनं तळघरातल्या दाण्याकडं पाहिलं. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार, तेवढं तिला ऐकून ठाऊक होतं. द्वारकाबाई हळूहळू खाली बसली.

"माझी ननंद, नकोशी. आठ वर्सांची. गाव उठला त्या दिशी आमी दारं, वासं उचकटून गाडीत भरत हुतो. ही सारखी पायात यायची. मीच म्हनलं, जा, लप, मी हुडकते. पेव रिकामं झालं हुतं. बैलाचा पाय जाईल म्हनून मीच त्याच्यावर शिळा वढली. ती पेवातच लपली असंल, ह्ये तिसऱ्या दिशी ध्यानात आलं. तवर पानी चढलं हुतं. समदी म्हनली, पोर नदीत गेली. मी बी तसंच म्हनलं."

राजेश्वरीला सासूचा राग आला, कीवही आली.

"म्होरं वाच," द्वारकाबाई म्हणाली. "पोर भायेर येती का? कुठं हाय ती आता?"

पुढचं वाक्य सहा ओळींचं होतं. राजेश्वरीनं क्रियापद धरलं, एकेक शब्द बाजूला केला. मुलगी तळघरात नव्हती. जिनं तिला कोंडलं ती बाई आता म्हातारी होऊन दारात बसली होती, आणि मुलगी तिच्या अगदी मागं उभी होती. राजेश्वरीनं तीनदा वाचलं. अर्थ बदलेना. मग आयुष्यात पहिल्यांदाच तिनं जाणूनबुजून चुकीचा अर्थ सांगितला.

"सुटली, आत्या. आईकडं गेली." तिनं दाणा उचलून रांगोळीबाहेर ठेवला.

द्वारकाबाईनं तो चिमटीत घेतला. मान न वळवता हात पाठीमागं नेला आणि दाणा आपल्या पाठीशी फरशीवर ठेवला.

"खोटं कशाला सांगतीस, पोरी," ती म्हणाली. "इतकी वर्सं ती हितंच हुबी हाय."