मोकळा फुगा

"माणूस दिसते कसा, ते राहू द्या भाऊ. बोलते कसा, ते सांगा."

चित्र काढून दे म्हणत कोणी फोटो पुढे केला, की ती तो पालथा ठेवायची, पेन्सिल कानामागे खोचायची आणि हे म्हणायची.

दिग्रसला माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ड्रॉइंगचा कागद ती माझ्याकडूनच न्यायची, एकेक ताव उजेडात धरून, बोटांनी चोळून. गिऱ्हाईक म्हणून नुसता ताप! पण लोकांच्या लग्नाच्या, रिटायरमेंटच्या गोष्टी कॉमिकसारख्या हाताने काढून देणारी आमच्याकडे तीच एक. पुसदहून लोक तिचं घर विचारत माझ्या दुकानात यायचे आणि मी ऐटीत रस्ता सांगायचो.

तिची रीत उलटी होती. आधी बोलण्याचा फुगा काढायची, मग त्याखाली माणूस. "फुगा जमला का माणूस आपोआप जमते," म्हणायची.

माझे बाबा बाजारात धान्याचा हर्रास पुकारायचे, म्हणजे लिलाव. त्यांनी "तीन बार" म्हटलं की सौदा पक्का, हर्रास संपला. काय तो आवाज! घशाचं ऑपरेशन झालं आणि तो गेला. लिहून सांगा म्हणून पाटी आणून दिली, तर ती खाटेखाली सरकवली. कोणी भेटायला आलं की आतल्या खोलीत जाऊन बसायचे. मला ते बघवेना. म्हणून त्यांच्या हर्रासाची चित्रं काढायला मी तिला सांगितलं.

तिने विचारलं, "काकाची बोली काय होती?"

"सोयाबीनची का तुरीची?"

ती पोट धरून हसली. "भाव घेऊन काय करू भाऊ? काका बोलत कसे होते, ते इचारून राह्यली मी!"

मला बाबांची नक्कल काही साधेना. मग ही बया थेट बाजारात जाऊन पोत्यावर बसली आणि हमालांकडून बाबांचा पुकारा ऐकून आली. बाबांसारखा हुबेहूब पुकारा कोणाचा, यावरून त्यांच्यात भांडण लागलं म्हणे.

चित्रं आली. पहिल्या चित्रात फुगा चौकट फोडून बाहेर गेलेला, "एऽऽक बार!" दुसऱ्यात "दोऽऽन बार!" शेवटच्या चित्रात बाबा हात वर करून उभे, आणि फुगा कोरा.

"हा राह्यला वाटते," मी म्हणालो.

"राह्यला नाई. तो काकाचा हाये."

बाबा रोज ती चित्रं बघत बसायचे. तीन बार लिहून टाका, म्हणून सगळे मागे लागले. ते नुसती मान हलवायचे.

पुढे तिला हैदराबादला मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायचं काम मिळालं. पेढे घेऊन निरोपाला आली, तेव्हा बाबा आतल्या खोलीत गेले नाहीत.

"काका, तुमचं तीन बार राह्यलं ना अजून," ती म्हणाली.

बाबांनी तिच्या कानामागची पेन्सिल काढून घेतली आणि कोऱ्या फुग्यात लिहिलं, "बोला, अजून बोला!"

तिने ते मोठ्याने वाचलं, हमालांकडून शिकलेल्या बाबांच्याच आवाजात. शेजारचे बाहेर आले.

ती आता हैदराबादला असते. तिची पेन्सिल बाबांच्या कानामागे असते. ते दुकानात माझ्याशेजारी बसतात, मागे ती चित्रं टांगलेली. हे कोणी काढलं, असं गिऱ्हाईकाने विचारलं, की मला तोंड उघडूच देत नाहीत. पाटी ओढतात आणि मोठ्या अक्षरात लिहून दाखवतात, "आपल्या पोरीनं."