पाचव्याचे संवाद

ते संध्याकाळी नदीवरच्या मुन्शी घाटावर भेटायचे. बँकेत नोकरी करायचे आणि मुलांच्या हिंदी कॉमिक्ससाठी पाच वीरांच्या गोष्टी लिहायचे. छापायला देण्याआधी संवाद आमच्याकडून वाचून घ्यायचे. उडणाऱ्या वीराचे माझ्याकडे, आग ओकणाऱ्याचे चहावाल्याकडे, उरलेल्या दोघांचे दोन नावाड्यांकडे. पाचव्याचे त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. त्या पाचव्यात कसलीच शक्ती नव्हती. चौघं भांडायला लागले की तो मध्ये पडून म्हणायचा, "अरे, पहले खाना तो खा लो."

"राक्षस मारणं सोपं असतं हो," सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसत ते मला मराठीत सांगायचे. "चौघांना एका चटईवर बसवणं मुश्किल."

मग घरोघरी केबल आली आणि कॉमिक्स खपेनात. एका वीराला मारा, जरा खळबळ होईल, असं प्रकाशकानं सांगितलं. त्यांनी पाचव्याला मारलं.

"तोच का?" मी विचारलं.

"तुमच्यातला कुणी मारला असता तर तो उद्या वाचायला आला नसता."

पुढच्या भागाचे कागद आम्हाला वाटून ते चार पायऱ्या वर जाऊन बसले. आम्ही वाचू लागलो. पानंच्या पानं चौघं नुसते भांडत होते. चहावाल्यानं सवयीनं मातीचे पाच कुल्हड भरले.

"अहो, खाली या ना," मी हाक मारली. "चहा गार होतोय."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कसा येऊ?" ते म्हणाले. "मी गेलोय ना. वाचा तुम्ही."