मे ते जुलैचे ड्रायव्हर

माझे सासरे दरवर्षी मे महिन्यात पुण्याहून आमच्याकडे जर्मनीत वोल्फ्सबुर्गला यायचे आणि व्हिसा संपत आला की जुलैअखेर परत जायचे. सासूबाई गेल्यापासूनचा हा शिरस्ता. या तीन महिन्यांत मी गाडी चालवायची आणि त्यांनी शेजारी बसून ब्रेक दाबायचा. तिथे ब्रेक नसतो, नुसती रबरी चटई असते, पण त्यांचं त्यावाचून काही अडत नसे. वर "अगं, समोर लाल आहे" हे असायचंच. आता मी नोकरी कुठे करते? गाड्यांच्या कारखान्यात. विभाग कोणता? ब्रेक. हे दहादा सांगून झालं होतं. "ते ऑफिसात गं," म्हणायचे.

त्या वर्षी ते इथे असताना माझ्या नवऱ्याने त्यांची पुण्यातली गाडी विकून टाकली. कागदोपत्री ती नवऱ्याच्याच नावावर, चालवायचे फक्त बाबा. विम्याची मुदत संपत आली होती, गाडी उन्हाळाभर पार्किंगमध्ये धूळ खात उभी असायची आणि बाबांनी सत्तरी ओलांडली होती. नवऱ्याने तिथल्या मित्राला फोन केला, गिऱ्हाईक आलं, गाडी गेली. बाबांना कळलं ते पोहे खाताना. "ती गाडी काढून टाकली हं बाबा. रिक्षा आहेत, कॅब आहेत, काय अडतंय?" असं साहेब मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

बाबांनी पोहे संपवले, बशी धुतली आणि ते खोलीत गेले. मला असा संताप आला नवऱ्याचा! रद्दी घालतानासुद्धा माणूस घरात विचारतो.

"अरे, विचारायचं तरी त्यांना!"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"गेनाऊ! अगदी बरोबर, तेच म्हणतेय मी!"

मग बापलेकांत अबोला. "त्याला म्हणावं, चहा झालाय." "त्यांना सांग, मी घेतलाय." दोघं एकाच टेबलाशी, आणि मी मधल्यामध्ये पोस्टमन. आठवडाभराने बाबा स्वयंपाकघरात आले, घसा खाकरला.

"अगं, तुझी गाडी मला चालवता येईल का? म्हणजे येतेच मला. कायद्याने विचारतोय."

सासरे माझ्याकडे काहीतरी मागत होते. लग्नानंतर पहिल्यांदाच. माझा आवाज लगेच मऊ झाला, त्याचाही मला रागच आला.

"लायसन्सचा जर्मन अनुवाद करून घेऊ. आणि विम्यात तुमचं नाव घालावं लागेल, बाबा. इथे कोण कोण चालवणार ते आधी कळवावं लागतं."

"मग घाल."

विम्याच्या ऑफिसात बाबा लग्नाला निघाल्यासारखे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिथल्या बाई गोड होत्या. मे ते जुलै एक जादा ड्रायव्हर, काहीच अडचण नाही म्हणाल्या. एवढ्यावर उठायचं ना? पण नाही.

"हिला सांग, चाळीस वर्षं चालवतोय, गाडीला एक ओरखडा नाही. लिहून घे म्हणावं."

मी सांगितलं. बाईंनी मान हलवली. "हो, हो. पण भारतातली विनाअपघात वर्षं आम्ही धरत नाही."

"म्हणजे मी शून्य?"

"इथे शून्य, बाबा."

झालं, नाकाला मिरच्या झोंबल्या. "हिला म्हणावं, दिवाळीत लक्ष्मी रोडवर चालवून दाखव, मग शून्य म्हण मला!" बाईंनी माझ्याकडे बघितलं. "ते तुमचे आभार मानतायत," मी म्हटलं.

रविवारी निघालो. नवरा बाल्कनीत कपाळाला हात लावून उभा. पहिल्याच वळणावर बाबांनी सिग्नल द्यायला हात घातला आणि लख्ख उन्हात वायपर सुरू झाले. इथे दांड्या उलट्या. ते हसले, मीही हसले. पण पुढे दुसरी गाडी दिसली आणि माझा उजवा पाय चटईवर गच्च दाबला गेला.

"अगं, तिथे ब्रेक नाही," बाबा म्हणाले. इतकं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

पुढे उजवीकडे वळायचं होतं. बाबांनी आरशात बघितलं आणि गाडी वळवली. कर्रकन ब्रेकचा आवाज आला. सायकलवरची एक बाई माझ्या दाराशी पाय टेकून उभी होती, तिच्या मागच्या सीटवर हेल्मेट घातलेलं पोर. तिने आम्हाला काहीतरी सुनावलं आणि निघून गेली.

बाबांनी गाडी कडेला घेतली.

"आरशात नव्हती गं ती."

"नसतेच, बाबा. म्हणून इथे वळण्याआधी मान मागे वळवून बघायचं असतं. शुल्टरब्लिक म्हणतात."

त्यांनी मान वळवली. ती खांद्याच्या अलीकडेच थांबली. स्टिअरिंग घट्ट धरून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच.

"वळत नाही," ते म्हणाले. मग उतरून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं. "ऊठ."

परत येताना त्यांनी लाल सिग्नलला चटईवर पाय दाबला. आणि मी, देवाशपथ, त्याच क्षणी ब्रेक लावला.

घरी नवरा दारातच उभा होता. बाबा इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट त्याच्याशी बोलले.

"माझी मान वळत नाही आता. मी गाडी चालवणार नाही."

"तेच तर मी बाबा..."

"तू गप्प बस. गाडी विकायची वेळ झालीच होती. पण ती मी विकायची होती."

नवरा चपलांच्या रॅकपाशी खाली मान घालून उभा राहिला. तसाच म्हणाला, "चुकलं माझं."

बाबांनी बूट काढले, नीट जागेवर ठेवले आणि माझ्याकडे वळले.

"उद्या त्या बाईला फोन करून विम्यातलं माझं नाव काढायला सांग. नाही, थांब. तू नुसता नंबर लावून दे. सांगेन मीच."