खाकरल्याशिवाय आत जायचं नाही

आमची मनिषा, म्हणजे माझ्या थोरल्याची मुलगी, कंपन्यांसाठी जागा शोधते. कंपनीला आपल्या दुकानदारांना गोळा करून भाषणं ऐकवायची असतात, ज्यांनी जास्त माल खपवला त्यांना बक्षीस म्हणून फिरवायचं असतं. ते कुठे, हे ती ठरवते. हल्ली जुन्या बंदरांची हौस फार. कोची, दीव, पुद्दुचेरी, सगळं तिच्या पायाखालचं. कुठेही गेली की आधी संडास बघते, मग बस कुठे वळेल ते, मग सगळ्यांत मागच्या खुर्चीवर बसून कानोसा घेते. पण त्याच्याही आधी ती दारात उभी राहून खाकरते.

ही खोड माझी. आमच्या मिठागरांच्या गावात न्हाणी म्हणजे झावळ्यांचा आडोसा, त्याला दार कुठलं! बाहेरून खाकरायचं. आतून कोणी खाकरलं की मुकाट थांबायचं. आतलं माणूस बाहेर येऊन खाकरलं की मग आपण जायचं. घरात शिरतानाही तेच. माझा मामा एकदा खाकरायला विसरला, तर त्याच्या सासूने तांब्या फेकून मारला. ते टेंगूळ त्याने गणपतीपर्यंत मिरवलं! तेव्हापासून आमच्याकडे पोरं आधी खाकरायला शिकतात, मग बोलायला.

तर मनिषाने नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढला, आणि पहिलंच काम आलं एका पंपवाल्या कंपनीचं. त्यांचे साहेब सत्यजीत, पुण्याचे. त्यांना बंदरच हवं होतं. मनिषा म्हणाली, "सर, दीवला कशाला? आमचं पनवेल काय कालचं बंदर आहे? विमानतळावर उतरलं की आलंच." खाडीकाठचं जुनं मिठाचं गोदाम मितेशभाई म्हणून एका व्यापाऱ्याने घेऊन, टाईल्स घालून, झुंबरं टांगून त्याचा हॉल केला होता. तोच तिने दाखवायला नेला.

भर दुपार. मितेशभाईंनी कुलूप काढलं. मनिषा उंबऱ्यात खाकरली.

आतून कोणीतरी खाकरलं.

"वॉचमन आहे का आत?" सत्यजीत साहेबांनी विचारलं.

"ना ना, कुलूप तर आत्ता तुमच्यासमोर काढला!" मितेशभाई म्हणाले.

साहेब हसत आत गेले, फिरून बाहेर आले. "कोणी नाही. पण एसी फार लावलाय हो."

"एसी अजून बसवलाच नाय, साहेब."

मनिषाचं लक्ष साहेबांच्या बुटांकडे गेलं. फरशी सकाळीच पुसलेली, आणि बुटांना चहूकडून मिठाची पांढरी कड.

"मॅडम, जागा छान आहे. करू या फायनल?"

आता बघा हं. हो म्हणाली असती तर काम तिचं होतं. पण आत कोणी असताना ती जागा दुसऱ्याला कशी देणार? "सर, थोडं थांबा," ती म्हणाली.

"संध्याकाळपर्यंत थांबतो. नाहीतर दीव. तुमचा पहिलाच इव्हेंट आहे, भीती वाटणं नॉर्मल आहे."

हे तिला फार लागलं. तिने मला फोन केला. "आजा, आतून खाकरलंय. ये."

मी रोडपालीच्या आमच्या घरून रिक्षाने गेलो. उंबऱ्यात उभा राहिलो आणि खाकरलो.

आतून उत्तर आलं. रिकामी घागर विहिरीच्या कडेला आपटावी तसा तो खोकला. अहो, माझा दादूस, थोरला भाऊ! काशिराम! मिठाच्या मचव्यावर खलाशी होता. मी शाळकरी असताना एकदा ह्याच बंदरात माल उतरवून तो ह्या गोदामात निजला. मचवा परत आला, दादूस आला नाही. पाण्यात शोधला, चिखलात शोधला. आई मरेपर्यंत दारात खाकरल्याचा आवाज आला की उठून बसायची.

मी मनिषाचा हात धरून तिला पुढे केलं. मी आत तोंड करून म्हणालो, "दादूस, ही आपली पोरगी हाय. तिला पाव्हनं बसवाचं हाय. जागा देतस?"

 झुंबरसुद्धा हलेना.

मग खाकरल्याचा आवाज आला तो आमच्या पाठीमागून. बाहेरच्या धक्क्यावरून. आम्ही सगळे गर्रकन वळलो. कोणी नाही. ओहोटीच्या चिखलावर पसरलेले खेकडे मात्र एकदम बिळात शिरले.

"झालं," मी म्हणालो. "तो बाहेर आला. आता जा."

मनिषा आत गेली, मागच्या खुर्चीवर बसली, उठली आणि म्हणाली, "सर, फायनल." साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि नुसती मान हलवली.

कार्यक्रम असा झाला म्हणता! दुकानदार नाचले, साहेबांनी मनिषाचं भाषणात नाव घेतलं. धक्क्यावर तिने एक खुर्ची मांडली होती, समोर तांदळाची भाकरी नि बोंबील. ताट कोणी उचललं कळलं नाही. पण बसगाड्या निघाल्या, सामान बांधलं, त्या आनंदात आम्ही एक विसरलो. बाहेर काढलेल्या माणसाला "झालं आमचं, जा आता आत" असं सांगायला.

दुसऱ्या दिवशी धावत गेलो. मनिषा दारात खाकरली. उत्तर नाही. मितेशभाई खूश, "काका, हॉल एकदम हलका झाला!"

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आमच्या दाराबाहेर, जिन्यात, कोणीतरी खाकरतं. घागर आपटल्यासारखं.

सूनबाई देवापाशी बसून राहते. मनिषा मात्र म्हणाली, "आजा, त्याची जागा मी घेतली. आता त्याला जागा मीच बघायला हवी." टेप घेऊन तिने सगळं घर पालथं घातलं. कोपऱ्याकोपऱ्यात बसून पाहिलं. शेवटी खिडकीजवळचा कोपरा ठरला. इथून खाडीची पांढरी रेघ दिसते. तिथे खुर्ची ठेवली, पाण्याचा तांब्या ठेवला.

आता कामगिरी माझ्याकडे. बाहेरून आवाज आला की आतून कोणी खाकरायचं नाही, म्हणजे त्याला कळेल, जागा मोकळी आहे. पण ह्या वयाला खोकला काय विचारून येतो? परवा आलाच. जिन्यातला आवाज मुकाट थांबला. काल मात्र मी तोंडात उपरणं कोंबलं, डोळ्यांतून पाणी आलं, पण दाबून धरला.

दाराची कडी बंदच होती. सकाळी तांब्या रिकामा, आणि खिडकीजवळच्या फरशीवर मिठाची पांढरी कड. मनिषा पुसायला देत नाही.